ईश्वरस्वरूपाचा प्रश्न : मॉर्मन श्रद्धा, पारंपरिक ख्रिस्ती शिकवण आणि मराठी परिभाषेची कसोटी

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापनात ख्रिस्ती धर्माचा संबंध मुख्यतः तीन ठिकाणी येतो : मराठी साहित्यात 'ख्रिस्तपुराण', रेव्हरंड ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या निमित्ताने. इतिहासात मिशनरी कार्याच्या निमित्ताने. आणि तत्त्वज्ञानात धर्मांच्या तौलनिक अभ्यासाच्या निमित्ताने. या तिन्ही ठिकाणी ख्रिस्ती धर्म एकसंध आहे असे बहुधा गृहीत धरले जाते. कॅथलिक व प्रॉटेस्टंट हा भेद सांगितला जातो, परंतु ईश्वराच्या स्वरूपाविषयी स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या समूहांतच मूलभूत मतभेद आहेत, हे क्वचितच लक्षात घेतले जाते.

या मतभेदांचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मॉर्मन पंथ. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यांनी स्थापन केलेल्या या पंथाचे अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे असून आज त्याची सदस्यसंख्या दीड कोटीहून अधिक सांगितली जाते. महाराष्ट्राचा या पंथाशी संबंध फार जुना आहे. ह्यू फिंडले हे मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत आले. वृत्तपत्रे व इतर ख्रिस्ती धर्मोपदेशक यांच्या विरोधाला तोंड देत त्यांनी पुण्यात एक छोटी शाखा उभी केली. १८५५ मध्ये मुंबईत त्यांची मराठ्यांना उद्देशून लिहिलेली एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी हा प्रयत्न आटोपला आणि मागे टिकाऊ असा समाज उरला नाही. तथापि त्या पुस्तिकेचा विषय लक्षणीय आहे. तिच्या शीर्षकानुसार ती 'खऱ्या व जिवंत देवाविषयी' होती. म्हणजे मराठी समाजासमोर उभे राहताना या पंथाने आपला वेगळेपणा मांडण्यासाठी ईश्वरस्वरूपाचाच विषय निवडला.

प्रस्तुत लेखात मॉर्मन व पारंपरिक ख्रिस्ती ईश्वरकल्पनांतील भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. हा भेद मराठीत मांडताना 'सगुण-निर्गुण' ही परिचित चौकट वापरण्याचा मोह होतो. ही चौकट येथे दिशाभूल करणारी आहे, आणि भेदाचे खरे स्थान ईश्वराच्या शरीरात नसून निर्माता व निर्मिती यांच्यातील अंतरात आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

पारंपरिक शिकवण : एक तत्त्व, तीन व्यक्ती

येथे 'पारंपरिक' हा शब्द कॅथलिक, पौर्वात्य ऑर्थोडॉक्स आणि बहुसंख्य प्रॉटेस्टंट मंडळ्यांना समान असलेल्या शिकवणीसाठी वापरला आहे. इ. स. ३२५ ची नायसिया येथील परिषद आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपल येथील परिषद यांतून या शिकवणीचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचे सूत्रबद्ध निवेदन, तयार झाला. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे परस्परांहून भिन्न आहेत, परंतु त्यांचे ईश्वरी तत्त्व एकच आहे. पुत्र हा पित्याने घडवलेला श्रेष्ठ जीव आहे, हे अरियसचे मत नायसियाने नाकारले व पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' असल्याचे घोषित केले. यालाच मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'त्रैक्य' म्हणतात.

या शिकवणीला आणखी दोन आधार आहेत. पहिला असा की, ईश्वर अशरीरी आहे. त्याला अवयव नाहीत, तो स्थलकालाने मर्यादित नाही. पुत्राने येशूच्या रूपाने देह धारण केला, पण ईश्वरी तत्त्व स्वभावतः देहधारी नाही. दुसरा आधार अधिक महत्त्वाचा आहे. ईश्वराने विश्व शून्यातून निर्माण केले. त्याच्यासोबत अनादि असे द्रव्य नव्हते व अनादि असे जीवही नव्हते. ख्रिस्ती विचारात हे मत दुसऱ्या शतकापासून स्पष्ट होत गेले. त्याचा परिणाम असा की, ईश्वर हा अस्तित्वात असलेल्या अनेक वस्तूंपैकी सर्वांत मोठी वस्तू ठरत नाही. सर्व अस्तित्वाचा तोच आधार ठरतो. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने या विचाराला नेमके रूप दिले. निर्माता व निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवले, तरी त्यांच्यातील असाम्य त्याहून मोठेच राहते, असा तिचा आशय आहे.

मॉर्मन शिकवण आणि तिची वाटचाल

मॉर्मन श्रद्धेचा आरंभ एका दर्शनाने होतो. १८२० मध्ये, किशोरवयात, स्मिथ यांना पिता व पुत्र अशी दोन स्वतंत्र तेजस्वी व्यक्तित्वे दिसली, असे त्यांच्या १८३८ च्या निवेदनात सांगितले आहे. १८३२ च्या त्यांच्या सर्वांत जुन्या उपलब्ध वृत्तांतात मात्र प्रभूच्या दर्शनाचा उल्लेख आहे, दोघांचा स्पष्ट निर्देश नाही. हा फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की, पंथाची ईश्वरकल्पना एकाच क्षणी पूर्ण स्वरूपात अवतरली नाही. ती सुमारे पंधरा वर्षांत घडत गेली.

पंथाच्या स्वतःच्या ग्रंथांतच याचे पुरावे आहेत. १८३० च्या 'मॉर्मनचा ग्रंथ' यातील कित्येक स्थळांची भाषा एकेश्वरवादी परंपरेच्या जवळची आहे. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत काही ठिकाणी येशूसाठी योजलेले 'देव' हे पद बदलून 'देवाचा पुत्र' असे करण्यात आले. १८३५ मध्ये 'सिद्धांत आणि करार' या ग्रंथात समाविष्ट झालेल्या व्याख्यानांत पिता हा आत्मिक व्यक्तित्व असलेला आणि पुत्र देहधारी, असा भेद आहे. ही व्याख्याने १९२१ मध्ये त्या ग्रंथातून वगळण्यात आली. दरम्यान १८४३ मधील शिकवणीत पित्यालाही मांस व अस्थी यांचे, माणसाच्या शरीरासारखे स्पर्शगोचर शरीर आहे, असे सांगितले गेले. पवित्र आत्मा मात्र आत्मिकच मानला गेला. अखेर ७ एप्रिल १८४४ रोजी, मृत्यूपूर्वी तीन महिनेही उरले नसताना, नॉवू येथील प्रवचनात स्मिथ यांनी सर्वांत धाडसी विधान केले : ईश्वर स्वतः एके काळी माणसासारखा होता आणि उन्नत होत तो ईश्वरपदास पोहोचला, मनुष्यानेही तोच मार्ग चालावयाचा आहे.

या विधानाला आधार देणारे सृष्टिविषयक मत १८३३ पासूनच तयार होत होते. त्यानुसार द्रव्य अनादि आहे. जीवांचे मूळ चैतन्यही निर्माण केलेले नाही. ईश्वर विश्व शून्यातून घडवत नाही, असलेल्या द्रव्याची तो रचना करतो. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन पृथक् अस्तित्वे आहेत. त्यांचे ऐक्य तत्त्वाचे नसून हेतूचे, इच्छेचे व प्रेमाचे आहे. मनुष्य हा स्वर्गीय मातापित्यांचे शब्दशः अपत्य आहे. १९९५ मध्ये पंथाने कुटुंबसंस्थेविषयी काढलेल्या घोषणापत्रात 'स्वर्गीय मातापिता' असा स्पष्ट निर्देश आहे. मात्र स्वर्गीय मातेला उद्देशून प्रार्थना केली जात नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ईश्वर पूर्वी मनुष्य होता, या कल्पनेवर पंथाच्या अलीकडील अधिकृत लेखनात भर नसतो. मनुष्य ईश्वरासारखा होऊ शकतो, या बाजूवर मात्र तो असतो. पंथाचे टीकाकार पुष्कळदा १८४४ चे प्रवचन हेच पंथाच्या श्रद्धेचे सार म्हणून मांडतात, तर पंथाचे समर्थक त्याचे महत्त्व कमी करतात. अभ्यासकाला दोन्ही टोके टाळणे भाग आहे.

सगुण-निर्गुण चौकटीची मर्यादा

वरील भेद मराठी विद्यार्थ्यासमोर मांडला की तो लगेच एक समीकरण मांडतो : मॉर्मनांचा ईश्वर सगुण, परंपरेचा निर्गुण. हे समीकरण सोयीचे आहे, परंतु दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे.

पारंपरिक ख्रिस्ती ईश्वर निर्गुण नाही. तो प्रेम करतो, बोलतो, न्याय करतो, प्रार्थना ऐकतो, इतिहासात हस्तक्षेप करतो. तो निराकार आहे, पण गुणरहित नाही. 'निराकार' व 'निर्गुण' हे शब्द मराठी भक्तिपरंपरेत वारंवार एकत्र आल्यामुळे त्यांतील फरक पुसट झाला आहे. निराकार असूनही भक्तवत्सल ईश्वराची कल्पना मराठीला अपरिचित मात्र नाही. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्ती व अवतार नाकारले, तरी त्याच्या उपासनेत संतांच्या अभंगांना स्थान होते. रत्नागिरीत शालेय शिक्षण घेतलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या समाजाचे अध्वर्यू होते. रामानुजाचार्यांच्या विशिष्टाद्वैतातही 'निर्गुण' या पदाचा अर्थ हेय गुणांनी रहित असा घेतला जातो. ब्रह्म तेथे अनंत कल्याणगुणांनी युक्त असते. पारंपरिक ख्रिस्ती ईश्वराशी तुलना करावयाचीच झाल्यास केवलाद्वैतातील निर्गुण ब्रह्मापेक्षा ही कल्पना अधिक जवळची आहे.

दुसऱ्या बाजूने, मॉर्मनांचा देहधारी ईश्वर म्हणजे भक्तांसाठी साकार झालेला सगुण ईश्वरही नाही. विटेवरच्या विठ्ठलाचे रूप हे परतत्त्वाने भक्तासाठी घेतलेले रूप आहे. अवतार या शब्दाचा अर्थच उतरणे असा आहे. अनंताने सान्त रूप स्वीकारणे असा तो प्रवास आहे. मॉर्मन कल्पनेतील प्रवास याच्या उलट, खालून वर आहे. तेथे देह हे ईश्वराने स्वीकारलेले माध्यम नसून पूर्णतेचे लक्षण आहे. देहाविना पूर्णत्वच नाही. म्हणून मॉर्मन ईश्वराला 'सगुण साकार' म्हणताच वारकरी अर्थ त्याला चिकटतो आणि मूळ कल्पना हातची निसटते.

मग खरा भेद कोठे आहे? तो प्रकारभेद आणि प्रमाणभेद यांत आहे. परंपरेच्या दृष्टीने ईश्वर व मनुष्य यांच्यात प्रकारभेद आहे. ते एकाच जातीचे नाहीत. मॉर्मन दृष्टीने ते एकाच जातीचे आहेत आणि त्यांच्यात उन्नतीच्या प्रमाणाचा भेद आहे. शरीराचा प्रश्न याच मूळ भेदाचा परिणाम आहे. 'नराचा नारायण' हा वाक्प्रचार मराठीत सहज वापरला जातो, त्यामुळे मॉर्मन विधान मराठी कानाला धक्का देत नाही. परंतु अद्वैताच्या पार्श्वभूमीवर त्या वाक्प्रचाराचा अर्थ मूळच्या एकत्वाची ओळख पटणे असा घेतला जातो. मॉर्मन विचारात जीव सदैव पृथक् राहतो. त्याला ओळख पटवावयाची नसते, वाढावयाचे असते. जैन विचारातील अनादि जीव व सिद्धपद यांच्याशी काही साम्य दिसते. परंतु सिद्ध अशरीरी असतात, जगाची रचना करीत नाहीत आणि पित्याच्या नात्याने कोणाची प्रार्थना ऐकत नाहीत.

मॉर्मन अभ्यासक आपल्या बाजूने ख्रिस्ती पूर्वपरंपरेचा आधार देतात, त्याचीही दखल घेतली पाहिजे. देव मनुष्य झाला तो मनुष्य दैवी व्हावा म्हणून, अशा आशयाचा विचार चौथ्या शतकातील अथानासियस यांच्या लेखनात आहे, आणि पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत या दैवीकरणाला मध्यवर्ती स्थान आहे. साम्य खरे आहे, पण ते शब्दांपुरते अधिक आहे. अथानासियस यांच्या दृष्टीने मनुष्य कृपेने ईश्वराच्या जीवनात सहभागी होतो. तो स्वभावाने ईश्वर होत नाही. तापलेले लोखंड अग्नीसारखे लाल होते, तरी लोखंडच राहते, हा दृष्टान्त त्या परंपरेत रूढ आहे.

'व्यक्ती' या शब्दाची अडचण

मराठी परिभाषेची आणखी एक अडचण येथे नोंदवणे आवश्यक आहे. त्रैक्याचे विवरण मराठीत 'एक देव, तीन व्यक्ती' असे केले जाते. आजच्या मराठीत 'व्यक्ती' म्हणजे स्वतंत्र इसम. त्यामुळे हे विधान ऐकणाऱ्याच्या मनात तीन स्वतंत्र अस्तित्वे उभी राहतात. म्हणजेच पारंपरिक सूत्र उच्चारले जाते आणि मॉर्मन अर्थ पोहोचतो. उलट 'व्यक्ती' या शब्दाचा व्युत्पत्तीने निघणारा अर्थ, 'व्यक्त होणे', धरला, तर एकाच ईश्वराची तीन प्रकटने असा अर्थ निघतो. त्रिमूर्तीच्या साहाय्याने त्रैक्य समजावले असताही बहुधा हाच अर्थ निघतो. पण एकच ईश्वर तीन मुखवटे धारण करतो हे मतही तिसऱ्या शतकात सॅबेलियसच्या नावाशी जोडले गेले व परंपरेने नाकारले. एकच शब्द अशा रीतीने दोन परस्परविरोधी चुकांकडे नेतो. त्रैक्य शिकवताना 'व्यक्ती' हे पद विवरणाशिवाय वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दोन मराठी साक्षी : रमाबाई आणि टिळक

नायसियाच्या शिकवणीविषयीचा वाद मराठी समाजाला केवळ परकीय प्रचारकांमुळे परिचित झाला, असे नाही. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी तो स्वतः अनुभवला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांताविषयी तीव्र शंका उपस्थित केल्या. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. येशूला मानणे वेगळे आणि मंडळीने नंतर रचलेली सूत्रे मानणे वेगळे, ही रमाबाईंची भूमिका होती. ईश्वराच्या एकत्वाला बाधा आणणारे कोणतेही विधान त्यांना मान्य नव्हते.

ही भूमिका मॉर्मन भूमिकेशेजारी ठेवली असता एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. दोन्ही बाजूंचा आक्षेप एकाच सूत्रावर आहे आणि दोन्ही बाजू मूळ बायबलचा हवाला देतात. मात्र त्यांच्या दिशा विरुद्ध आहेत. रमाबाई त्रैक्यातील 'तीन' या संख्येबद्दल साशंक आहेत, कारण त्यांना ईश्वराचे एकत्व जपावयाचे आहे. मॉर्मन विचार त्रैक्यातील 'एक' या पदाचा अर्थ सैल करतो, कारण त्याला तिघांचे पृथक्त्व जपावयाचे आहे. नायसियाचे सूत्र या दोन ओढींमधला तोल आहे, हे या तुलनेतून जितके स्पष्ट होते तितके केवळ परिषदांच्या इतिहासातून होत नाही. रमाबाईंची श्रद्धा पुढे बदलत गेली. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी त्या वाटचालीचे निवेदन केले आहे. बायबलच्या भाषांतरातही हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ वाहणारी संस्कृत पदे त्यांनी शक्यतो टाळली. परिभाषा अर्थ बदलते, ही जाणीव त्यांना होती.

दुसरी साक्ष रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९). १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्ताला माउली व गुरू या नात्यांनी आळवले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचे म्हणणे सर्वश्रुत आहे. ईश्वराला माता म्हणणे ही परंपरेपासूनची फारकत आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो, कारण मॉर्मन विचारातही स्वर्गीय माता आहे. उत्तर नकारार्थी द्यावे लागते. टिळकांची माउली हे रूपक आहे. ज्ञानेश्वरांना किंवा विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकरी वाणीतून ते आलेले आहे. बायबलमधील यशयाच्या ग्रंथात ईश्वराच्या सांत्वनाला मातेच्या सांत्वनाची उपमा आहे, आणि चौदाव्या शतकातील इंग्लंडच्या ज्युलियन ऑफ नॉरविच यांनीही ख्रिस्ताला माता म्हटले होते. मॉर्मन श्रद्धेतील स्वर्गीय माता हे रूपक नाही. ती पित्याहून पृथक् असे वास्तव अस्तित्व आहे. गंमत अशी की, टिळकांच्या रूपकातील मातेची मनसोक्त आळवणी होते, तर मॉर्मनांच्या वास्तव मातेकडे प्रार्थना जात नाही. शब्द एकच असला तरी त्यामागील ईश्वरकल्पना निराळी असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

'ख्रिस्ती' कोणाला म्हणावे?

या भेदाला व्यावहारिक परिणामही आहेत. कॅथलिक ख्रिस्तसभा प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी त्रैक्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा सामान्यतः ग्राह्य मानते. परंतु जून २००१ मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. बाप्तिस्म्याच्या वेळी पिता, पुत्र व पवित्र आत्मा हीच नावे उच्चारली जातात, तरीही त्या नावांमागील अर्थ भिन्न असल्याने संस्कार वेगळा ठरतो, हे त्या निर्णयामागचे तर्कशास्त्र होते. मॉर्मन अनुयायांना हे अर्थातच मान्य नाही. येशूला प्रभू व तारणारा मानणारा, त्याच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारा माणूस ख्रिस्ती नाही, असे कोणी ठरवावे, हा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न टिळकांनीही वेगळ्या रीतीने विचारला होता. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. रमाबाईंनीही बाप्तिस्म्याने आपण एका विशिष्ट मंडळीच्या सर्व सूत्रांना बांधले गेलो, हे मान्य केले नव्हते. म्हणजे 'ख्रिस्ती' या पदाची एक व्याख्या मतांगीकारावर आणि दुसरी येशूवरील निष्ठेवर आधारलेली आहे. पहिली व्याख्या घेतल्यास मॉर्मन पंथ परंपरेबाहेर राहतो; दुसरी घेतल्यास त्याला बाहेर ठेवता येत नाही. विद्यापीठीय अभ्यासाने यांपैकी कोणतीही व्याख्या अंतिम म्हणून लादू नये. आपण कोणती व्याख्या वापरीत आहोत, हे मात्र प्रत्येक वेळी सांगितले पाहिजे.

निष्कर्ष

पारंपरिक ख्रिस्ती शिकवण व मॉर्मन श्रद्धा यांतील भेद ईश्वराच्या देहाचा वाटतो, पण तो निर्माता व निर्मिती यांच्या नात्याचा आहे. परंपरा त्या नात्यात न मिटणारे अंतर पाहते, आणि म्हणूनच ईश्वराचे मनुष्य होणे हा तिच्या दृष्टीने अपूर्व प्रसाद ठरतो. मॉर्मन श्रद्धा त्या नात्यात सजातीयता पाहते, आणि म्हणूनच मनुष्याची उन्नती तिच्या दृष्टीने पित्याकडून अपत्याला मिळणारा वारसा ठरते. दोन्ही भूमिकांना स्वतःची अंतर्गत सुसंगती आहे.

हा भेद मराठीत शिकवताना सगुण-निर्गुण, अवतार, त्रिमूर्ती, व्यक्ती, माउली ही पदे टाळता येणार नाहीत, आणि टाळण्याचे कारणही नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले, तेव्हापासून ख्रिस्ती आशय मराठीत याच पदांच्या आधाराने वावरत आला आहे. प्रत्येक पद आपल्यासोबत कोणता अर्थ आणते व कोणता झाकते, हे विद्यार्थ्याला दाखवणे ही अध्यापकाची जबाबदारी आहे. तसे केल्यास विद्यार्थी मॉर्मन ईश्वराला विठ्ठलाच्या व परंपरेच्या ईश्वराला निर्गुण ब्रह्माच्या साच्यात बसवणार नाही. टिळक व रमाबाई यांचे लेखनही केवळ धर्मांतराची कहाणी म्हणून न वाचता, ईश्वरस्वरूपाविषयी मराठीत झालेला गंभीर विचार म्हणून तो वाचू शकेल.